सैल तार आधी तुटते

सायकलचं चाक नेमकं कशावर उभं असतं, हा प्रश्न आपल्यापैकी फारसा कुणाला कधी पडत नाही. जमिनीवर, हे झालं चौथीतल्या पोराचं उत्तर. पण बसणाऱ्याचं सगळं वजन येतं ते हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर. तिथून ते रस्त्यापर्यंत पोचतं कुठल्या वाटेनं? मधे तर नुसत्या तारा. दोन मिलिमीटर जाडीच्या. त्यातली एक सुटी तार फरशीवर उभी धरा आणि वरून अंगठ्यानं दाबा. लगेच धनुष्यासारखी वाकेल. जिला अंगठ्याचा भार सोसत नाही, तिच्यासारख्या छत्तीस तारा एक भरभक्कम गृहस्थ, कॅरिअरवर त्याचं कुटुंब आणि हँडलला लावलेली भाजीची पिशवी एवढा संसार घेऊन वर्षानुवर्षं पळतात, हे कसं?

बैलगाडीच्या चाकात असलं कोडं नाही. तिथे लाकडाचे जाड आरे असतात. जो आरा ज्या क्षणी खाली येतो, तो त्या क्षणी खांबासारखा उभा राहून गाडीचं ओझं पेलतो. सायकलच्या चाकाची जात वेगळी. त्याची भावकी लागते ती सुंभानं विणलेल्या बाजेशी. सुंभाचा तुकडा नुसता हातात घेतला तर लोंबतो. पण चौकटीत चहूबाजूंनी ताणून विणला की त्यावर पैलवानही निवांत घोरतो. बाजेची ताकद सुंभापेक्षा ताणात असते. चाकाचंही तसंच. प्रत्येक तार रिमला आत, हबकडे ओढत असते. सगळ्या तारा सारख्याच जोरानं ओढत असल्यामुळे रिमला कुठेच जाता येत नाही आणि हब बरोबर मध्यावर राहतो.

ही कल्पना सुचली ती सायकलसाठी नव्हे, उडत्या यंत्रासाठी. इंग्लंडमधले सर जॉर्ज केली विमानाची स्वप्नं बघत होते आणि त्या यंत्राला हलकी चाकं हवी होती. जड लाकडी आऱ्यांऐवजी ताणलेल्या दोऱ्या वापराव्यात, असं त्यांनी १८०८ साली आपल्या वहीत मांडून ठेवलं. विमान काही त्यांच्या हयातीत माणसाला घेऊन मनासारखं उडालं नाही. पुढे १८६९ साली पॅरिसमध्ये यूजीन मेयर यांनी तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. तोवरच्या सायकलींना बैलगाडीसारखीच लाकडी चाकं आणि वर लोखंडी धाव असे. इंग्रजांनी त्या वाहनाला 'हाडं खिळखिळी करणारं' असं नाव ठेवलं होतं, ते उगाच नव्हे.

मग कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली. त्यांनी १८७४ साली जे केलं, ते दीडशे वर्षं झाली तरी आपल्या दारातल्या सायकलला लागू आहे. तोवर तारा हबपासून रिमपर्यंत सरळ, सूर्याच्या किरणांसारख्या जात. त्यात अडचण अशी, की पायडल मारलं की हब आधी थोडा फिरतो आणि रिम मागे राहतं. स्टार्लींनी तारा तिरक्या लावल्या. निम्म्या पुढे झुकलेल्या, निम्म्या मागे, एकमेकींना छेदत जाणाऱ्या. पायडलचा जोर मागे झुकलेल्या तारा पकडतात, पुढे झुकलेल्या तोल सांभाळतात. आज आपण बघतो ती चाकाची जाळी ही. ती शोभेची आहे असं मला लहानपणी वाटायचं आणि दिवाळीत तिच्यात रंगीत मणी घालण्यापलीकडे तिचा उपयोग ठाऊक नव्हता.

आता थोडा हिशेब. माझं आयुष्य बँकेत गेल्यामुळे आकड्यांशिवाय मला चैन पडत नाही. चांगल्या बांधलेल्या चाकातली एक एक तार साधारण शंभर किलोच्या जोरानं ताणलेली असते. छत्तीस तारांचं चाक म्हणजे साडेतीन टनांहून अधिक ओढ, आणि ती सगळी त्या किलोभराहूनही हलक्या रिमच्या अंगात कोंडलेली. आपण सायकलवर बसलो की काय होतं? वरच्या तारांना हब लोंबकळतो, असं पुष्कळांना वाटतं. कॅलिफोर्नियातले इंजिनियर जोब्स्ट ब्रांट यांनी १९८१ साली सायकलच्या चाकावर एक पुस्तक लिहिलं. वरच्या तारांच्या ताणात फारसा फरक पडत नाही, रस्त्याकडच्या तीन-चार तारांचा ताण तेवढा कमी होतो, हे त्यांनी त्यात गणितानं दाखवून दिलं.

मला हे माझ्या भाषेत असं कळलं. चाक बांधणारा माणूस प्रत्येक तारेच्या खात्यात आधीच शंभराची ठेव भरून ठेवतो. चाक फिरताना जी तार खाली येते, तिच्या खात्यातून बसणाऱ्याच्या वजनाचा वाटा वळता होतो. ती वर गेली की रक्कम पुन्हा जमा. शिल्लक आहे तोवर व्यवहार सुरळीत. पण ठेव मुळातच कमी भरलेली असेल, तर एखाद्या खड्ड्यात शिल्लक शून्यावर येते, तार क्षणभर सैल पडते आणि पुन्हा झटक्यानं ताणली जाते. हबच्या भोकात जिथे तिला वाक दिलेला असतो तिथे ती हलते. एका किलोमीटरला चाक साडेचारशेहून जास्त फेरे घेतं. म्हणजे दोनशे किलोमीटरला नव्वद हजारांवर. पत्र्याचा तुकडा मागेपुढे वाकवत राहिलं की तो जसा तुटतो, तशी ती तार तुटते. लोक म्हणतात, फार ताणली म्हणून तुटली. बहुतेकदा उलट असतं. सैल तार आधी तुटते.

हे तत्त्व पुस्तकात वाचण्याच्या किती तरी आधी मी ते मिरजेत ऐकलं होतं. १९९४ साली माझी तिथे बदली झाली. मिरज हे तारांचं गाव. सतारमेकर गल्लीत भोपळे टांगलेले, कुणी जवारी काढतो आहे, कुणी तंबोऱ्याच्या खुंट्या घासतो आहे. गेल्या शतकाआधीच्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांनी तिथे या कामाची घडी बसवली, आणि त्यांच्या वंशजांनी ती पुढे चालवली. बँकेत जाता-येता मी तिथे रेंगाळत असे. पण माझी सायकल ज्यांच्याकडे दुरुस्तीला जाई, ते मिस्त्री वेगळ्या गल्लीत बसत. सहा फूट रुंदीचं दुकान, वर टायरांच्या माळा, खाली पंक्चरचं घमेलं, आणि जुन्या सायकलचा पुढचा चिमटा फळीत उलटा रोवून केलेली चाक फिरवायची घोडी. त्यांचं नाव दुकानावर नव्हतं आणि गावात कुणी विचारतही नसे. मिस्त्री म्हटलं की तेच.

चाकाला 'आउट' येतो आणि तो 'काढावा' लागतो, हे शब्द आपल्याकडच्या कुठल्याही सायकलवाल्याला ठाऊक आहेत. चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं की तो आउट. पण आउट काढणं वेगळं आणि अख्खं चाक नव्यानं बांधणं वेगळं. मिस्त्रींचं चाक बांधणं मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला बँकेत परतायला उशीर झाला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आधी हबच्या दोन्ही चकत्यांच्या भोकांत तारा ओवायच्या. एक बाहेरून आत, एक आतून बाहेर. मग रिमच्या भोकांत निपल घालून त्यांत तारेची आटे पाडलेली टोकं सैलसर अडकवायची. प्रत्येक तार तीन तारांना छेदून जाते. दोघींच्या वरून, तिसरीच्या खालून. या शेवटच्या वर-खालीमुळे दोन तारा एकमेकींना टेकून राहतात आणि एकीचा हिसका दुसरी वाटून घेते. सगळ्या तारा भरून झाल्या तरी चाक अजून पातळ, हलवलं तर खुळखुळणारं. इथून पुढे खरं काम. पाना घेऊन प्रत्येक निपलला अर्धा फेरा, मग पाव फेरा, व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू करून पुन्हा तिथपर्यंत. चाक डावीकडे जातंय का, वर-खाली उडतंय का, बरोबर मधोमध आहे का आणि ताण सगळीकडे सारखा आहे का, या चार गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या. गंमत म्हणजे एक सुधारायला गेलं की दुसरी बिघडते. तबलजी गजऱ्यावर एका घरात हातोडी मारतो आणि समोरच्या घराचा सूर तपासतो, तोच प्रकार.

सूर हा शब्द मी उपमेसाठी वापरला नाही. मिस्त्री खरोखरच नखानं तार छेडत. एका बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज जवळजवळ एकच यायला हवा. लांबी आणि जाडी सारखी असेल, तर सूर ताणावर ठरतो, हे सतारमेकर गल्लीतलं शास्त्र इथेही तेच. एखादी तार बद्द वाजली की ते थांबायचे. एकदा मला म्हणाले, ''सायेब, जी तार बोलत न्हाई, ती तुटायला आली समजायचं.''

शेवटी ते दोन्ही हातांत तारांच्या जोड्या धरून जोरानं दाबत. अशा चाकभर सगळ्या. आतून टिक-टिक आवाज येई. निपल फिरवताना तार स्वतःही थोडी पिळली जाते. तो पीळ तिथेच सोडवायचा, नाही तर तो रस्त्यावर सुटतो आणि चाक पहिल्या पंधरा दिवसांत आउट होतं. दाबून झालं की पुन्हा घोडीवर, पुन्हा पाना. एका चाकाला दोन-अडीच तास. मजुरी त्या काळी चाळीस रुपये, आणि गिऱ्हाईक त्यातही पाच कमी करायला बघे.

याच मिस्त्रींच्या घरातला एक अर्ज माझ्या टेबलावर आला. १९९३ साली गांधीजयंतीला प्रधानमंत्री रोजगार योजना सुरू झाली होती आणि जिल्हा उद्योग केंद्राकडून सुशिक्षित बेरोजगारांचे अर्ज बँकांकडे येत. मिस्त्रींचा मुलगा दहावी झालेला. वडिलांचं दुकान वाढवायचं म्हणत होता. अर्जात रकाने होते: यंत्रसामग्री, कच्चा माल, खेळतं भांडवल. यंत्रसामग्री काय? ती घोडी, दोन पाने, एक पंप. किंमत चारशे रुपये धरली तरी मी उदार ठरलो असतो. त्या दुकानातली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे म्हाताऱ्याचा कान आणि बोटं. आणि त्याला रकानाच नव्हता. सतार बनवणाऱ्यांच्या अर्जांतही तो नसे. पण सतारीला निदान नाव होतं. कलाकार मुंबईहून शोधत येत. चाक बांधणाऱ्याकडे दूधवाला येतो आणि तो नाव विचारत नाही. आम्ही महिन्याला किती चाकं होतात त्यावर हिशेब मांडला आणि कर्ज मंजूर झालं. ते वेळेवर फिटलंही. पण फेडता फेडता मुलगा मोटरसायकलच्या दुरुस्तीकडे वळला. पैसा तिकडे होता. आणि वडिलांकडून शिकलेलं तिथे उपयोगी पडलं, कारण मोटरसायकलचीही चाकं तेव्हा तारांचीच असत.

कुठलं चाक चांगलं, असं मी एकदा मिस्त्रींना विचारलं होतं. त्यांनी उलट विचारलं, ''कुणासाठी?'' सुटे भाग निवडण्याचं सगळं शास्त्र या एका शब्दात आहे. आजोबांच्या काळ्या सायकलच्या तारा कधी मोजल्यात? पुढच्या चाकाला बत्तीस, मागच्याला चाळीस. ही जुनी इंग्रजी पद्धत आपल्याकडे तशीच चालत आली, कारण ती शहाणपणाची होती. वजन मागे जास्त, तर तारा मागे जास्त. मागे दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लावणाऱ्या दूधवाल्याला मिस्त्री जाड तारा घालून देत आणि वजनाला जड पण जाडजूड लोखंडी रिम. शाळकरी मुलीच्या सायकलला तेच चाक घातलं असतं, तर तिचे पाय भरून आले असते. गोव्यात पहाटे भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर घ्या. त्याचं ओझं फार नाही, पण हवा खारी. तिथे ताकदीपेक्षा गंज हा शत्रू.

निवृत्तीनंतर आम्ही सांगलीत स्थायिक झालो आणि मी पुन्हा सायकलवर बसलो. गिअरची, ॲल्युमिनियमची, दुकानातून तयार आणलेली. वजन माझं अठ्ठ्याऐंशी किलो, रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेले. वर्षभरात तीनदा तार तुटली. तिन्ही वेळा मागच्या चाकाची, डाव्या बाजूची, हबच्या वाकाशी. तिसऱ्यांदा नृसिंहवाडीहून येताना तुटली, तेव्हा चाक इतकं वाकलं की ब्रेक उघडून सायकल ढकलत आणावी लागली. त्याच सुमारास आमच्या सकाळच्या कंपूनं आंबा घाटातून रत्नागिरीला उतरायचं ठरवलं. सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, ''आधी चाकाचं नक्की करा, मग घाटाचं बोला.'' या वाक्याला उत्तर नसतं. घाटाच्या उतारावर ब्रेक धरलेला असताना चाकानं दगा दिला, तर पुढची गोष्ट सांगायला माणूस राहीलच असं नाही.

मी मिरज गाठली. म्हातारे मिस्त्री राहिले नव्हते. मुलगा पन्नाशीच्या पुढे गेलेला. मोटरसायकलींना आता बऱ्याच ठिकाणी ओतीव चाकं आल्यामुळे तारांचं ते कामही आटत चाललेलं. पण सांगली-कोल्हापुरातले लांब पल्ल्याचे सायकलस्वार त्याच्याकडे चाकं बांधून घ्यायला लागले होते. घोडी तीच होती. त्यानं माझं जुनं चाक हातात घेतलं, डावीकडच्या तारा चिमटीत दाबून बघितल्या आणि म्हणाला, ''यंत्रानं भरलंय. ताणच दिला न्हाई.''

मग कारण समजावलं. मागच्या चाकाला उजवीकडे दातेरी चक्रांची चळत असते. तिला जागा द्यायची म्हणून हबची उजवी चकती आत सरकवलेली असते. त्यामुळे उजव्या तारा जवळजवळ उभ्या आणि जास्त ताणलेल्या, डाव्या तिरक्या आणि मुळातच कमी ताणाच्या. तिथे कारखान्यात हात आखडता घेतला की डाव्या तारा सैलच राहतात. खड्ड्यागणिक त्यांचे निपल आणखी सुटत जातात.

नवं चाक कसलं घ्यायचं, यावर आमची दोन संध्याकाळी चर्चा झाली. घरात मुलीचं लग्न ठरवताना जेवढ्या बारकाईनं बोलतात, तेवढ्या बारकाईनं. रिम ॲल्युमिनियमचं, दुहेरी भिंतीचं. लोखंडी रिम मजबूत खरं, पण पावसात त्याच्या गुळगुळीत मुलाम्यावर ब्रेकचं रबर घसरतं, आणि घाटात पाऊस सांगून येत नाही. तारांची संख्या छत्तीस, पुढे आणि मागेही. हल्ली वीस-चोवीस तारांची देखणी चाकं मिळतात. हलक्या माणसाला, गुळगुळीत रस्त्यावर ती शोभतात. पण त्यातली एक तार तुटली की चाक लगेच ब्रेकला घासतं. छत्तीसातली एक गेली, तर बाकीच्या पस्तीस जणी घरापर्यंत आणून सोडतात.

तारा गंज न चढणाऱ्या पोलादाच्या आणि मधे बारीक केलेल्या. म्हणजे दोन्ही टोकांना दोन मिलिमीटर, मधे एक पूर्णांक आठ. मला हे पटेना. माझ्यासारख्या वजनदार माणसाला बारीक तार? पण त्यातली मेख अशी, की मधला बारीक भाग रबरासारखा किंचित ताणला जातो. खड्डा आला तरी तार पूर्ण सैल पडत नाही आणि वाकाशी बसणारा मार मधला भाग झेलतो. निपल पितळी. ॲल्युमिनियमचे निपल वजनाला हलके, रंगीतही मिळतात. पण दमट हवेत ते तारेशी धरून बसतात आणि चार वर्षांनी पाना लावला की भुगा होतो. आम्हाला रत्नागिरीच्या समुद्राकडे जायचं होतं.

मागचा हब साध्या कोन आणि छर्‍यांचा. दोन्ही बाजूंना मिळून अठरा छर्रे, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारे. बंद बेअरिंगचे हबही उत्तम असतात. पण जिथे फिरायचं तिथे दुरुस्त होईल तेच घ्यावं, हा मिस्त्रींच्या घरचा नियम. पुढच्या हबमध्ये मात्र मी चैन केली. डायनामो हबच्या पोटात असलेला, सहा व्होल्ट, तीन वॅटचा. लहानपणी टायरला खेटवायचा डायनामो आठवतो ना? दिवा लागे आणि पाय जड होत. या नव्या हबचा भार पायाला जवळजवळ जाणवत नाही. तो आधी ठरला आणि मग त्याच्याभोवती चाक बांधलं गेलं. हाताने बांधण्यातली खरी सोय ही, की आधी गरज आणि मग चाक.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. दुकानात 'अठ्ठावीस इंची' म्हणून दोन वेगळी मापं मिळतात. काळ्या सायकलच्या दीड इंची टायरचं रिम ६३५ मिलिमीटरचं, गिअरच्या नव्या सायकलींचं बहुधा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, आणि एकाचं टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या अंगावर ३७-६२२ असे आकडे उठवलेले असतात, त्यातला दुसरा आकडा पाहावा. तारांची लांबीही अशीच. हब, रिम आणि छेद किती, यावर ती ठरते आणि दोन मिलिमीटरची चूक झाली तर एक तर आटे पुरत नाहीत किंवा टोक रिमच्या आत शिरून ट्यूबला भोसकतं.

या छंदाला आता आपल्याकडे बरे दिवस आहेत. ठरलेल्या वेळेत २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर सायकल चालवण्याचे उपक्रम महाराष्ट्रात अनेक शहरांत होतात. दोनशेला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. त्यांचं मूळ फ्रान्समध्ये. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची १२०० किलोमीटरची फेरी १८९१ साली सुरू झाली. आता ती चार वर्षांनी एकदा होते, २०२३ साली झाली, आणि भारतातले स्वारही तिथे जातात. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडण्याची शर्यत आणखी खडतर. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती २०१५ साली जोडीनं पूर्ण केली. २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्यानं. अशा शर्यतीत मागून गाडी असते, गाडीत दुसरं चाक असतं. तिथे हलकं चाक परवडतं. सहाशे किलोमीटरच्या फेरीत रात्री दोन वाजता तार तुटली तर मागे कुणी नसतं. म्हणून पुन्हा तोच प्रश्न: कुणासाठी?

माझी दोन चाकं तयार झाली. सुटे भाग जवळजवळ वीस हजारांचे. त्यांतले बरेच परदेशी, छापील किमतीचे, ज्यांच्यासाठी मी एक पैसा कमी करा म्हटलं नाही आणि म्हणता येतही नव्हतं. मजुरी दोन चाकांची पंधराशे. एक दिवस पूर्ण त्यात गेला होता. मी जास्त देऊ केले, तर त्यानं वरचे पैसे परत केले. ''दर हाय तो हाय, सायेब.'' दुसऱ्या गिऱ्हाइकांचं त्यानं सांगितलं. तीस हजारांचं रिम आणतात आणि मजुरीचे दोनशे सोडा म्हणतात. त्याचा स्वतःचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दुकानात शिकायला कुणी नाही. शिकलं तर तीन-चार वर्षं लागतात आणि तोवर पंक्चर काढूनच पोट भरावं लागतं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मला मनापासून आनंद झाला. त्या गल्लीनं तो मान कमावला आहे. चाक बांधणाऱ्याला असलं मानांकन मिळणार नाही, आणि त्याची तशी मागणीही नाही. यंत्रं चाकं बांधतात, चांगलीही बांधतात, आणि लाखो सायकली त्यावर चालतात. पण यंत्राला समोरचा माणूस किती किलोचा आहे, उसाच्या दिवसांत कुठल्या रस्त्यानं जाणार आहे आणि त्याच्या घरी काय बोलणं झालं आहे, हे ठाऊक नसतं. आंबा घाट आम्ही उतरलो. रत्नागिरीला पोचल्यावर मी चाक उचलून फिरवलं, आउट नव्हता. त्याला आता सहा हजार किलोमीटर झाले आणि एकही तार तुटलेली नाही.

आज रविवार आहे. गॅलरीत किंवा जिन्याखाली पोरांची सायकल उभी असेल. ती उलटी करा आणि चाक हळू फिरवा. ब्रेकचं रबर आणि रिम यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसते का, बघा. मग शेजारच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबत चाकभर जा. एखादी जोडी इतरांपेक्षा मऊ लागली, तर नखानं छेडून ऐका. निपलच्या भोकाशी रिमला बारीक चीर गेली असेल किंवा ब्रेक घासून रिमची कड आत खोलगट झाली असेल, तर ते रिम बदलायला झालं. सैल तार सापडली, तर स्वतः पाना लावू नका. एकीला ताणलं की तीन बिघडतात. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे न्या. पोराला बरोबर न्या आणि ते चाक घोडीवर चढवतील तेव्हा त्याला शेजारी उभं राहून दहा मिनिटं बघू द्या. मिस्त्री जे पैसे सांगतील, ते तेवढे घासाघीस न करता द्या.